अर्जुनाचा धडा इथे चालत नाही

कैरोच्या जागतिक स्पर्धेत अनिश भानवालाने 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवलं आणि अपेक्षेप्रमाणे अर्जुन, पक्ष्याचा डोळा वगैरे सगळं ओघाने आलंच. नेमबाजाचं कौतुक करायचं म्हटलं की आपल्याला द्रोणाचार्यांच्या परीक्षेपलीकडे काही सुचत नाही. गंमत अशी, की हातात पिस्तूल असतं आणि अर्जुन डोळ्याकडेच बघत बसला असता, तर बहुधा नापास झाला असता. पिस्तूलवाल्याची नजर टार्गेटवर नसतेच. ती नळीच्या टोकावरच्या फ्रंट साइटवर असते. पलीकडचं टार्गेट धूसर दिसतं, आणि ते धूसरच दिसायला हवं.

यामागे साधं गणित आहे. या प्रकारात पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये जास्तीत जास्त 220 मिलिमीटर अंतर चालतं. त्यात फ्रंट साइट 1 मिलिमीटरने कलली, तर 25 मीटरवर गोळी 11 सेंटिमीटरहून जास्त भरकटते. दहाच्या जागी आठ गुण. उलट साइट एका रेषेत ठेवून अख्खा हातच 1 मिलिमीटर सरकला, तर गोळीही तेवढीच सरकते. म्हणजे हात डुलला तर फार बिघडत नाही, पिस्तूल कललं की बिघडतं. आणि ते कलतं बहुतेक वेळा ट्रिगर दाबताना.

हाताची बोटं एकमेकांना सोडून काम करायला तयार नसतात. लिंबू पिळताना जशी सगळी एकदम आवळली जातात, तशीच ती ट्रिगरवरही वागतात. तर्जनी आत आली की उरलेली तीन बोटंही मूठ घट्ट करतात आणि नळीचं तोंड खाली किंवा बाजूला जातं. पकड जिथल्या तिथे ठेवून फक्त तर्जनीचं पेर सरळ मागे आणायचं, एवढंच शिकायला वर्षं जातात. त्यात ट्रिगर हवा तेवढा हलका करायची सोय नाही. 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम, तर 25 मीटरच्या पिस्तुलाला किमान 1000 ग्रॅम. पंच ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उभं उचलतात; त्या वजनाने ट्रिगर सुटला, तर पिस्तूल बाद. रॅपिड फायरला ही अट 2005 पासून आली आणि त्याआधीची हलक्या ट्रिगरची खास पिस्तुलं या स्पर्धेतून एका झटक्यात बाहेर गेली. बरंच झालं, असं माझं मत. खेळ यंत्रापेक्षा बोटाचा झाला.

आता यात घड्याळ आणा. रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटवर पाच गोळ्या. त्यासाठी आधी 8 सेकंद, मग 6, मग 4. हात 45 अंशांत खाली धरून सुरुवात करायची. चार सेकंदांतला मोठा वाटा हात वर येण्यात आणि पहिल्या गोळीत जातो. म्हणून हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला, सैल टप्पा संपवलेला असतो. आधी नेम, मग चाप, असा क्रम इथे परवडत नाही; दोन्ही एकत्र पिकवावं लागतं. पुढच्या टार्गेटकडे कमरेतून वळतानाही तर्जनी रिकामी नसते.

थांबून ‘परफेक्ट’ क्षणाची वाट बघणाऱ्याचं काय होतं, ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलं. एअर पिस्तुलात रौप्य जिंकून, थंड चेहऱ्यासाठी जगभर गाजलेली कोरियाची किम येजी महिलांच्या 25 मीटर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत एका गोळीसाठीची 3 सेकंदांची मुदत चुकवून बसली. त्या गोळीला शून्य, आणि अंतिम फेरी हुकली.

ट्रिगर दाबताना पिस्तूल कलतं, त्यावरचा उपाय मात्र कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी त्यावर लिहीत नाही: ड्राय फायर. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, समोर कोरी भिंत ठेवून, साइट हलू न देता ट्रिगर दाबत राहायचं. दुसरी युक्ती प्रशिक्षकांची. मॅगझिनमध्ये जिवंत काडतुसांत एखादं निकामी काडतूस मिसळायचं, नेमबाजाला न सांगता. ते आलं की धमाका होत नाही, पण धक्क्याच्या धास्तीने नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. एकाग्रतेवरच्या दहा व्याख्यानांपेक्षा हे एक काडतूस जास्त शिकवतं.

‘परफेक्ट’ क्षणाची वाट बघण्यात अर्थ नाही, हे पटण्यासाठी कोल्हापूरच्या राही सरनोबतचा 2018 च्या आशियाई स्पर्धेतला, पालेमबांगमधला अंतिम सामना पुन्हा पाहावा. 50 गोळ्यांनंतर ती आणि थायलंडची नफासवान यांगपैबून, दोघी 34 वर. पहिल्या शूट-ऑफमध्ये दोघींचे पाचपैकी चार नेम लागले. दुसऱ्यात राहीचे तीन, नफासवानचे दोन. सुवर्ण जिंकणाऱ्या हातानेही त्या पाच गोळ्यांत दोन चुकवल्या होत्या.