जालन्याचे पाणी : घाणेवाडी ते नाथसागर

जालना शहराची तहान प्रामुख्याने दोन जलाशय भागवतात. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातले पाणी उताराने, पंपाविना शहरात येते. पैठणच्या नाथसागरातले, म्हणजे जायकवाडीचे, पाणी मात्र उपसून, अंबडमार्गे जलवाहिनीने चढावर आणावे लागते. घाणेवाडीला पाऊस पुरतो. जायकवाडीच्या पाण्याला पावसाबरोबर विजेचे बिलही भरावे लागते.

2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 2,85,577 होती. माणशी रोज 135 लिटर या शहरी मापाने गरज सुमारे 3.85 कोटी लिटर होते. जमिनीखाली काळा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते, म्हणून बोअर कितीही खोल नेले तरी उन्हाळ्यात आटतात. 2012-13च्या दुष्काळात घाणेवाडीही कोरडी पडली आणि शहर टँकरवर आले. तेव्हा नागरिकांनी पुढे होऊन तलावातला गाळ काढला. ते काम मोलाचे होते. लांबची जलवाहिनी आली म्हणून जवळचा तलाव विसरणे परवडणारे नाही.

जायकवाडीची भिस्त वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांवर आहे. राज्याच्या 2005च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. पुढे 2014च्या आदेशानुसार, 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचा विचार होतो. त्यामुळे जालन्याचा पाणीपुरवठा महापालिकेच्या हद्दीत आखता येत नाही; तो गोदावरी खोऱ्याच्या पातळीवरच आखावा लागतो.

गुणवत्तेचा प्रश्न याच गणितात बसतो. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, मधल्या काळात वाहिनी रिकामी राहते आणि फुटक्या जोडांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले स्वच्छ पाणी घरी पोहोचेपर्यंत दूषित होते. म्हणून नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे आवश्यक मानतात. विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. सांडपाणी आणि खते मुरली की ते वाढते, आणि उकळूनही कमी होत नाही.

शहरातून वाहणाऱ्या कुंडलिका आणि सीना या नद्यांत मिसळणारे सांडपाणी अडवून शुद्ध करणे, हा यावरचा सर्वांत जवळचा उपाय आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना तप्त लोखंड थंड करायला पिण्याचे पाणी लागत नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी तिकडे वळवले, तर तेवढे गोडे पाणी घरांसाठी उरेल आणि नदीकाठच्या विहिरींत मुरणारी घाणही घटेल.