आधी ऐका, मग हाक मारा

गेल्या पावसाळ्यात भाच्याने माझ्या संगणकावर रेडिओ बसवून दिला. म्हटलं तर खरा, म्हटलं तर खोटा. छपरावर एरियल नाही, टेबलावर सेट नाही. पडद्यावर एक डायल दिसते. ती फिरवली की हेडफोनमध्ये लघुलहरींची ओळखीची खरखर सुरू होते, मधूनच आवाज बुडतो, पुन्हा वर येतो. ही खरखर संगणकाने घडवलेली. आवाजही आकाशातून नव्हे, इंटरनेटवरून येतो. पलीकडची माणसं मात्र खरी असतात.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओची ही नक्कल. 'हॅमस्फिअर' हे त्यातलं एक परिचित नाव. खऱ्या हॅम रेडिओसाठी आपल्याकडे केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. त्यानंतर 'व्हीयू'ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. हॅमस्फिअरसारख्या नकली रेडिओत परवाना नसलेल्यालाही दार उघडं असतं.

मी पहिल्याच दिवशी चुकलो. भाच्याच्या मित्रमंडळाने एकमेकांना हाक मारायला १४५.५०० ही जागा ठरवली होती. तिथे मला एक सज्जन भेटले. मूळचे रत्नागिरीकडचे, आता मस्कतला. गप्पा रंगल्या. कवी म्हटल्यावर त्यांनी कविता मागितली आणि कवीला एवढं निमित्त पुरतं! वीस मिनिटांनी एक दबका आवाज आला, 'ब्रेक, ब्रेक'. तो बिचारा मित्राला हाक मारायला केव्हाचा ताटकळला होता. भाचा हसून म्हणाला, "मामू, पैले सुनो, बाद में बोलो."

तेव्हा मला 'कॉलिंग फ्रिक्वेन्सी' म्हणजे काय ते कळलं. युरोपातल्या हॅम मंडळींची दोन मीटर पट्ट्यावरची अशी जागा १४५.५०० मेगाहर्ट्झ आहे, तर अमेरिकेत १४६.५२०. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखी ही जागा. विचारायचं आणि बाजूला व्हायचं. खिडकीत कोपर टेकून गप्पा मारायच्या नाहीत. रीत सोपी आहे. आधी थोडा वेळ ऐकायचं. शांत वाटलं तरी 'ही जागा कुणी वापरतंय का?' असं विचारायचं. मग आपलं कॉलसाइन सांगून हाक द्यायची. उत्तर आलं की दोघांनी दुसरी मोकळी फ्रिक्वेन्सी ठरवून तिकडे जायचं. बोलतानाही दोन पाळ्यांमध्ये क्षणभर थांबायचं, म्हणजे एखाद्या अडलेल्याला मध्ये येता येतं.

हाकेच्या जागेचा जसा नियम, तसा सगळ्या पट्ट्याचा आराखडा असतो. त्याला 'बँड प्लॅन' म्हणतात. रेडिओच्या कामासाठी जगाचे तीन विभाग केले आहेत. भारत तिसऱ्या विभागात येतो. २० मीटरचा पट्टा १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ इतका. ही हद्द कायद्याची. पण हद्दीच्या आत कोणी कुठे बसायचं, हे हौशी मंडळींच्या संघटना ठरवतात. त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ १९२५मध्ये पॅरिसला स्थापन झाला. खालच्या टोकाला मोर्सची कडकट्ट, मग संगणकी संदेश, वरच्या भागात बोलणं. आठवडी बाजारात भाजीची रांग वेगळी, कापडाची वेगळी, तसंच हे. कारणही व्यवहाराचं आहे. माणसाच्या बोलण्याला जेवढी जागा लागते, तेवढ्यात मोर्सची अनेक संभाषणं मावतात. बोलणारा तिथे घुसला तर कितीतरी जणांचे आवाज एका दमात झाकले जातात.

याच पट्ट्यात १४.१०० ही जागा मोकळी ठेवतात. जगभरातल्या १८ दीपकेंद्रांसाठी ती आखलेली आहे. प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत एक फेरी. प्रत्येक केंद्र आपलं नाव सांगतं आणि मग १००, १०, १ आणि शेवटी एक दशांश वॅटवर एकेक सूर देतं. तो शेवटचा क्षीण सूर कुठवर पोचतो, त्यावरून आज आकाश कसं आहे ते समजतं. बाकीच्यांनी गप्प राहिल्याशिवाय तो सूर ऐकूच येणार नाही.

कुणी विचारेल, खऱ्या आकाशात जागा कमी, म्हणून शिस्त हवी. संगणकावर हव्या तितक्या फ्रिक्वेन्सी काढा, तिथे कशाला हे सोवळं? मीही हेच विचारलं होतं. पण जागा हजार असल्या तरी सगळे हाक ऐकायला एकाच जागी जमतात. तीच अडवली तर उरलेल्या हजार जागांचा काय उपयोग? शिवाय इथली सवय उद्या खऱ्या सेटवर जाते, आणि तिथे प्रश्न जिवाचा असू शकतो.

१४ एप्रिल १९१२च्या रात्री 'कॅलिफोर्नियन' जहाजाचा तारायंत्री 'टायटॅनिक'ला बर्फाची खबर देऊ पाहत होता. टायटॅनिकचा तारायंत्री प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गुंतला होता. त्याने याला गप्प बसवलं. साडेअकराच्या सुमारास कॅलिफोर्नियनवाला यंत्र बंद करून झोपला. ११.४०ला टायटॅनिक हिमनगावर आदळलं. पुढे समुद्रावर ५०० किलोहर्ट्झवर तासातून दोनदा तीन-तीन मिनिटं सक्तीचं मौन आलं. जहाजांच्या तारायंत्र-खोलीतल्या घड्याळावर ती मिनिटं लाल रंगवलेली असत. त्या वेळात फक्त ऐकायचं, कुणी बुडत तर नाही ना.

२६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंदासाठी पोर्ट ब्लेअरला होते. टेलिफोन बंद पडले, आणि छंदाचा तोच रेडिओ बेटांवरून माणसांच्या खुशालीचे निरोप पोचवू लागला. अशा वेळी ऐकणाऱ्यांनी जागा मोकळी ठेवली, तरच निरोप जातो. जगभर २० मीटरवर १४.३००च्या आसपासची जागा संकटकाळासाठी राखण्याचा संकेत आहे, तो यासाठीच.

मस्कतचे ते सज्जन अजून भेटतात. १४५.५००वर आधी मिनिटभर खरखर ऐकतो, मग हाक मारतो. ते 'आलो' म्हणाले की आम्ही १४५.५२५वर सरकतो. कविता तिथे वाचतो. हाकेची जागा आता पुढच्या माणसासाठी मोकळी असते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)