घरात दुसरे कुत्रे आणायचे असेल तर

आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरी एक कुत्रे आहे. काहींना आणखी एक पिल्लू आणावेसे वाटते. पण घरातले जुने कुत्रे नव्याला राहू देईल काय, अशी भीती असते. आमच्या घरी दिवाळीनंतर दुसरे कुत्रे आणले. तेव्हा काय काय करावे लागते ते मी बघितले. आजोबांना विचारले. जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारले. ते सर्व मी खाली लिहीत आहे.

आमचे घर गावाबाहेर मळ्यात आहे. आमच्या मोत्याला आठ वर्षे झाली. कुत्र्याची आठ वर्षे म्हणजे म्हातारपणच. त्याला आता कमी ऐकू येते. रात्री कोणी आले तरी तो उशिरा भुंकतो. म्हणून आजोबांनी मेंढपाळांकडून एक पिल्लू मागितले. ती कुत्री आहे. तिचे नाव आम्ही चिंगी ठेवले. अण्णा म्हणाले, "मेंढरं आपल्या शिवारात महिनाभर हायेत. तवर दोघांचं जमलं तर ठेवू. न्हाई जमलं तर पिल्लू माघारी द्यायचं." आजी म्हणाली, "दोन कुत्री म्हंजे दोन सवती." त्यामुळे माझ्याजवळ एकच महिना होता.

पहिली गोष्ट पिलाच्या वयाची. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. भावंडांशी खेळताना एक पिल्लू जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. यातून किती जोरात चावायचे नाही हे त्याला समजते. जे पिल्लू लवकर आईपासून तोडतात त्याला हे समजत नाही. मग जुन्या कुत्र्याला त्याचा त्रास होतो. चिंगी दहा आठवड्यांची होती.

दुसरी गोष्ट भेटीची. पिल्लू एकदम घरात आणू नये. घर, अंगण आणि दार हे जुने कुत्रे आपले समजते. म्हणून आजोबांनी पहिली भेट ओढ्याजवळ मोकळ्या रानात घडवली. मोत्याला एका माणसाने धरले, चिंगीला दुसऱ्याने. दोऱ्या सैल ठेवल्या. दोरी ताणली की कुत्र्याला वाटते काहीतरी धोका आहे, आणि ते जास्त चिडते. आधी लांबून चालवले, मग हळूहळू जवळ आणले. कुत्री एकमेकांना मागच्या बाजूने हुंगतात. आपल्याला ते घाण वाटते, पण कुत्र्याला वासावरून दुसऱ्याची ओळख पटते. आपण नाव गाव विचारतो तसेच ते.

तिसरी गोष्ट खाण्याची. जास्त भांडणे खाण्यावरूनच होतात. दोघांची भांडी वेगळी पाहिजेत आणि जागाही लांब पाहिजेत. मोत्या गोठ्याच्या कोपऱ्यात खातो, चिंगी पडवीत. आधी मोत्याला वाढायचे, मग चिंगीला. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा खायला दिले तरी चालते. लहान पिलाला थोडे थोडे तीन-चार वेळा द्यावे लागते. कांदा, चॉकलेट आणि द्राक्षे कुत्र्याला देऊ नयेत, ती त्याला बाधतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडेही देऊ नयेत. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि आत टोचतात.

चौथी गोष्ट गुरगुरण्याची. चिंगी मोत्याच्या अंगावर उड्या मारायची, त्याचा कान ओढायची. तो गुरगुरायचा. माझा भाऊ त्याला मारायला काठी घेऊन धावला. आजोबा म्हणाले, "मारू नगंस. त्यो बोलतोय, चावत न्हाई." गुरगुरणे म्हणजे "लांब हो" असे सांगणे. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर कुत्रे पुढच्या वेळी न सांगताच चावते. अशा वेळी पिलालाच बाजूला न्यावे. कुत्रे जेव्हा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करते तेव्हा ते "चल खेळू" म्हणते. पण अंग ताठ झाले, पाठीवरचे केस उभे राहिले आणि एकटक नजर लावली तर दोघांना लगेच वेगळे करावे. मध्ये हात घालू नये.

पाचवी गोष्ट मायेची. नवे पिल्लू आले की सगळे त्यालाच उचलतात. जुने कुत्रे नुसते बघत बसते. मोत्या दोन दिवस नीट जेवला नाही. नुसता चुलीमागे पडून होता. मला फार वाईट वाटले. मग मी ठरवले, शाळेतून आल्यावर आधी मोत्याला हाक मारायची, त्याचे कान खाजवायचे, मग चिंगीकडे जायचे. तिसऱ्या दिवशी त्याने भाकरी खाल्ली. पिल्लू येऊ शकणार नाही अशी एक निवांत जागाही त्याला ठेवली.

सहावी गोष्ट पालकांसाठी आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा टोचावी. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलाला ही लस टोचली आणि तो वाचला. तो नऊ वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ आमच्याएवढाच. कुत्रे चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पूर्वी पोटात १४ इंजेक्शने देत, म्हणून लोक घाबरत. आता दंडात देतात आणि कमी देतात. पण सांगितलेली सगळी घ्यावीत. रेबीज एकदा झाला की माणूस वाचणे फार कठीण.

एक कुत्रा आणि एक कुत्री असेल तर पुढचा विचारही करावा. कुत्रीला सुमारे ६३ दिवसांनी पिल्ले होतात, आणि एका वेळी चार-सहा होऊ शकतात. ती कोण सांभाळणार? म्हणून डॉक्टरांना विचारून ऑपरेशन करून घ्यावे.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. दोन कुत्री आहेत म्हणजे बिबट्या येणार नाही असे समजू नये. बिबट्या कुत्र्यालाच धरून नेतो. कुत्रे रात्री बाहेर साखळीला बांधले तर त्याला पळताही येत नाही. आमची दोघे रात्री जाळी लावलेल्या पडवीत असतात. तिथूनही त्यांचे भुंकणे चांगले ऐकू येते.

आता खर्चाचे गणित. मोत्याला रोज तीन भाकरी लागतात, चिंगीला दोन. महिन्याच्या झाल्या १५०. आई म्हणाली, "एवढ्या भाकरी थापायच्या कोणी?" आईचे बरोबर होते. कुत्रे आणायचे म्हणतात पोरं, आणि काम पडते आईला. म्हणून मी भाकरी थापायला शिकले. चिंगीच्या दोन भाकरी रोज मीच करते. त्या गोल होत नाहीत, पण चिंगी तक्रार करत नाही.

महिना संपला तेव्हा मेंढपाळ निघाले. अण्णांनी पडवीत बघितले. मोत्या आणि चिंगी एकाच पोत्यावर झोपली नव्हती. मोत्या आपल्या जागी, चिंगी तिच्या जागी, पण दोघांमध्ये हातभर अंतर होते. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आता चिंगीला आधी ऐकू येते. ती भुंकली की मोत्या उठतो आणि मोठ्या आवाजात भुंकतो.

दोन कुत्र्यांनी लगेच मैत्री केलीच पाहिजे असे नाही. भांडण न करता शेजारी राहिली तरी पुष्कळ झाले. काहींना दोन आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिने. तोपर्यंत घाई करू नये आणि दोघांना एकटे सोडू नये. ज्यांना हे करायला वेळ आहे, आणि रोजच्या भाकरी करायला कोणी आहे, त्यांनीच दुसरे कुत्रे आणावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी