शिकार बंद, माग चालू

बीड जिल्ह्यात ‘सिझन’ म्हटलं की ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या भरून माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत याच शब्दाचा अर्थ वेगळा. तिथे सिझन म्हणजे हरणांच्या शिकारीचे मोजके आठवडे. परवाना काढायचा, ठरवून दिलेल्या संख्येइतकीच जनावरं मारायची आणि मुदत संपली की बंदूक कपाटात. पण पायांना लागलेली रानाची चटक कपाटात कशी ठेवणार? अंधारात मचाण सापडावं म्हणून घेतलेलं जीपीएस यंत्रही मग नुसतं पडून राहतं. अशा रिकाम्या महिन्यांत तिथल्या काही शिकाऱ्यांनी एक खेळ जवळ केला आहे. त्याचं नाव जिओकॅशिंग. यातलं सावज म्हणजे एक डबा.

या खेळाची जन्मतारीख नेमकी सांगता येते. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतांत लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे यंत्राने दाखवलेली जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायची. शंभर मीटर म्हणजे आपली विहीर शोधायला निघालेला माणूस शेजाऱ्याच्या उसात. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीकच्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तकं, व्हिडिओ, घेवड्याच्या दाण्यांचा डबा आणि चक्क एक गलोल. नियम साधा होता: काही घ्या, काही ठेवा. काही दिवसांतच लोकांनी ती शोधूनही काढली.

पुढे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी अशा डब्यांची नोंद ठेवणारं संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभरात तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. बोटाच्या पेराएवढ्या डबीपासून बादलीपर्यंत सगळे आकार त्यात येतात, पण रानातल्या खेळाडूंचा लाडका डबा म्हणजे लष्कराने मोडीत काढलेली काडतुसांची पेटी. झाकण घट्ट बसतं, पाऊस आत शिरत नाही. काडतुसं गेली आणि पेटीत शोधणाऱ्याने नाव लिहायची वही-पेन्सिल आली, ही गंमत शिकाऱ्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

वरवर पाहता हा यंत्राचा खेळ वाटतो. तसा तो नाही. मोबाइल तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत नेऊन सोडतो. होकायंत्र नसलेल्या यंत्राचा बाण जागच्या जागी उभं राहिलं की भिरभिरू लागतो, कारण त्याला दिशा कळायला चार पावलं टाकावी लागतात. झाडाखाली किंवा दरीत गेलं की आकडा आणखी डळमळतो. तिथून पुढे डोळ्यांचंच काम. वाळलेल्या काटक्या वाऱ्याने पडल्या की कशाही पडतात. शेजारी शेजारी सरळ मांडलेल्या दिसल्या तर तिथे माणसाचा हात लागला आहे. दगडाची मातीत रुतलेली, ओलसर बाजू वर आली असेल तर तो कुणीतरी हलवला आहे. गवत कोणत्या अंगाला झुकलंय, कोळ्याचं जाळं कुठे तुटलंय, हे ज्याला दिसतं त्याला डबा सापडतो. माग काढणं म्हणतात ते हेच.

भारतात शिकाऱ्याचा ऑफ-सिझन १९७२ साली लागला, तो अजून उठलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट-मोरापासून तितर-सशापर्यंत सगळ्यांना टप्प्याटप्प्याने संरक्षण दिलं. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी परवानगीची वेगळी वाट आहे, पण हौसेची शिकार संपली. बीडच्याच पाटोदा तालुक्यातल्या नायगावला १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झालं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. चोरटी शिकार मात्र पूर्ण थांबली असं बीडमधला कुणी शपथेवर सांगणार नाही.

हौस संपली म्हणून रान वाचायची विद्या संपत नाही, याचा मराठीतला ठळक दाखला म्हणजे व्यंकटेश माडगूळकर. शिकारीच्या नादाने रानात हिंडलेला हा लेखक पुढे केवळ पाहण्यासाठी हिंडू लागला. ‘नागझिरा’ हे पुस्तक त्यातूनच आलं. पण माडगूळकरांना लेखणी होती. ज्यांचं पोटच या विद्येवर होतं, त्या फासेपारध्यांचं काय?

तितराचा आवाज काढून तितराला बोलावणारी, गवतातल्या वाटा ओळखून नेमका फासा लावणारी ही जमात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायची सोय केली. त्या शिक्क्याखाली पारधीही भरडले गेले. १९५२ साली कायदा गेला, शिक्का गेला नाही. मध्य प्रदेशात पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पारधी तरुण पर्यटकांना पायी रान दाखवतात आणि ज्या खुणांवरून वाडवडील जनावर गाठायचे, त्याच समजावून सांगतात. तेच ज्ञान, त्यावरच रोजगार. जिओकॅशिंगने पोट भरणार नाही, पण अशा भटकंतीला ते सहज जोडता येईल. फक्त एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मोबाइल हातात धरून बांधाबांधाने फिरणारा पुण्याचा तरुण ट्रेकर ठरतो. तोच तरुण आष्टी-पाटोद्याकडच्या पारधी वस्तीवरचा असला, तर त्याची आधी चौकशी होते. खेळ दोघांना सारखा नाही.

डबा न ठेवताही खेळता येणारा एक भाऊबंद खेळ बीडकरांच्या अगदी दारात आहे. अलेक्स जॅरेट या अमेरिकी तरुणाने १९९६ साली एक उपक्रम सुरू केला: पूर्ण अंशातले अक्षांश आणि रेखांश जिथे छेदतात, तिथे प्रत्यक्ष जायचं, फोटो काढायचे, तिथे काय आहे ते लिहायचं. बीड शहर १९ उत्तर अक्षांशाला जवळजवळ चिकटूनच आहे. परळीच्या रस्त्याने पूर्वेला निघालं की वडवणीच्या थोडं अलीकडे १९ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व एकमेकांना भेटतात. तिथे ना पाटी, ना मंदिर. असतो तो फक्त आकडा. अंशाच्या पाचव्या दशांशाला जमिनीवर साधारण एक मीटर भरतो, त्यामुळे पडद्यावर सगळी शून्यं जुळवायला माणूस एकाच जागी घिरट्या घालत राहतो. दोन पावलं पुढे, एक मागे, जरा डावीकडे. बांधावरचा शेतकरी हे पाहून विचारणारच, “काय सांडलंय का, पाव्हणं?” काहीच सांडलेलं नाही हे त्याला पटवणं जास्त अवघड.

कारण या मुलखात जमिनीकडे बघत फिरणाऱ्याचा लोक एकच अर्थ लावतात: गुप्तधन. पडक्या वाड्यांत, जुन्या देवळांच्या आवारात अमावास्येला खड्डे खणल्याच्या बातम्या मराठवाड्यात नव्या नाहीत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला या लोभाचीही दखल घ्यावी लागली. बीडमध्ये तर विहिरीचंच नाव खजाना. निजामशाहीतल्या सलाबतखानाने १५८२ च्या सुमाराला बांधलेली ही विहीर पाण्यासाठी नावाजलेली आहे, सोन्यासाठी नाही. अल्मरची पहिली बादली थोडी मातीत पुरलेली होती. खेळ वाढल्यावर मात्र डबा पुरायला, खणायला बंदी आली. बीडमध्ये हा नियम दुप्पट कडक पाळावा. खजाना विहीर, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची लेणी ही ठिकाणं पाहावीत, तिथल्या दगडांत काही खुपसू नये. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही ठेवायचं नाही, शेतात मालकाला विचारल्याशिवाय नाही, आणि बसस्थानक-बाजारात तर मुळीच नाही. इंग्लंडमधल्या वेदरबीत २०११ साली अशाच एका निरुपद्रवी डबीपायी रस्ता बंद करून बॉम्बनाशक पथक बोलवावं लागलं होतं.

बालाघाटच्या माळावर हिंडायचं तर दिवाळीनंतरचे दिवस बरे. गवत पिवळं पडलेलं असतं, वाटा उघड्या असतात, ऊन सोसवतं. मृग लागल्यावर दगडाखाली हात घालणं म्हणजे विंचवाला आमंत्रण, आणि फुरसं तर बाराही महिने दगडाच्या कपारीत असू शकतं. जुने शिकारी कपारीत आधी काठी घालत, मग हात. डबी निघाली की वहीवर तारीख आणि नाव घालायचं, तेही पेन्सिलीने, कारण दमट डबीत शाई पसरते. मग डबी होती तिथे, दगड होता तसा, ओली बाजू खाली.