उन्हाळ्यात एमसीबी का पडते?
नंदुरबार, शहादा, तळोद्यात उन्हाळी पारा चाळिशी ओलांडतो. घरगुती एमसीबीची (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचची) क्षमता मात्र ३० अंश तापमान धरून ठरवलेली असते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर बंद डीबी (एमसीबी बसवलेली पेटी) असेल, तर एमसीबी छापील आकड्याच्या आधीच ट्रिप होते. मग तीच वायर ठेवून मोठी एमसीबी बसवली जाते. हा उपाय घातक; एमसीबी मुळात वायर जळू नये म्हणून असते! डीबी सावलीच्या भिंतीवर घ्या, नाहीतर मोठी एमसीबी बसवण्याआधी वायर जाड करा.

जादा भारानेही एमसीबी पडते: २३० व्होल्टवर २ किलोवॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला आणि एसीला स्वतंत्र सर्किट हवं. ४० अँपिअरची मेन एमसीबी साधारण ९ किलोवॉटला पुरते. वापर वाढला असेल तर महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्या. शॉकपासून वाचायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) लागतेच, एमसीबी कितीही महाग घेतली तरी.