चालत्या बेटावरचे घोडे

दोस्तांनो, घोडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लग्नाच्या वरातीतला नवरदेवाचा घोडा? की माथेरानला ज्याच्यावर बसून फोटो काढला तो? पण लगाम नाही, खोगीर नाही, मालक नाही, असा घोडा समुद्राच्या लाटांत पाय भिजवत निवांत उभा असलेला पाहिलाय कधी? मी पाहिला! आणि त्याच्यासमोर माझी चांगली फजितीही झाली. ती कशी, ते सांगतो.

माझी ताई अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ राहते. सप्टेंबरच्या शेवटी तिच्याकडे गेलो होतो. नऊ वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, तुला ॲसाटीग दाखवतो." साधारण तीन तासांचा गाडीचा प्रवास, मग खाडीवरचा लांब पूल, आणि पलीकडे ते बेट. सुट्ट्यांचा हंगाम संपला होता, त्यामुळे भेळवाले नाहीत, गर्दी नाही. फक्त वारा, लाटा आणि डास! हो, डास मात्र भरपूर. नेताना अंगाला लावायचं औषध विसरू नका.

ॲसाटीग हे सुमारे 60 किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं बेट आहे. उत्तरेचा भाग मेरीलँड राज्यात, दक्षिणेचा व्हर्जिनियात. एका बाजूला खवळलेला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला शांत खाडी. मुख्य किनाऱ्यापुढे ते एखाद्या भिंतीसारखं आडवं पसरलंय. वादळी लाटांचा पहिला तडाखा ते स्वतः झेलतं. पण ही भिंत दगडाची नाही बरं का, वाळूची आहे. आणि गंमत म्हणजे ती चालते!

बेट चालतं? मलाही आधी खरं वाटेना. पण त्याचं कारण सोपं आहे. मोठं वादळ आलं की लाटा समुद्राकडची वाळू उचलतात आणि बेट ओलांडून खाडीच्या बाजूला नेऊन टाकतात. समोरून झिजायचं, मागे भर पडायची. असं करत करत बेट हळूहळू जमिनीकडे सरकतं. 1933 सालच्या एका वादळाने तर बेटाचा उत्तरेकडचा भाग कापूनच काढला. त्या फटीतून बोटी जाऊ लागल्या. ती बुजू नये म्हणून माणसांनी दगडी बांध घातले. पण उत्तरेकडून वाहत येणारी वाळू त्या बांधांपाशी अडली आणि ॲसाटीगला मिळेनाशी झाली. तेव्हापासून बेटाचं उत्तर टोक अर्ध्या किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय.

वाळूच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या पायवाटेवर भाच्याने मला एक गोष्ट दाखवली. वाळूत अर्धवट गाडलेले डांबराचे तुकडे. इथे रस्ता? 1950 नंतरच्या काळात या बेटावर गाव वसवायचं ठरलं होतं. सुमारे पाच हजार प्लॉट पाडले, रस्ता केला, काही घरंही उठली. मग मार्च 1962 मध्ये भयंकर वादळ आलं. समुद्र बेटावरून वाहिला. रस्ता फुटला, बहुतेक घरं गेली. लोकांच्या लक्षात आलं, चालत्या बेटावर घर बांधणं बरं नव्हे! 1965 साली कायदा झाला आणि ॲसाटीग राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखलं गेलं. आज तिथे उन्हाळ्यात किनाऱ्याचे काही भाग चक्क बंद ठेवतात. का, तर वाळूच्याच रंगाचे एक चिमुकले पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात, ती कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून.

आता घोड्यांकडे वळू. ते इथे आले कुठून? स्पेनचं जहाज फुटलं आणि घोडे पोहत किनाऱ्याला लागले, अशी दंतकथा आहे. पुष्कळ अभ्यासक मात्र म्हणतात, सतराव्या शतकात शेतकऱ्यांनी कुंपणाचा खर्च आणि कर चुकवायला जनावरं बेटावर सोडली, त्यांचे हे वंशज. पण 2022 साली हैती देशात सापडलेल्या एका जुन्या घोड्याच्या दाताचा अभ्यास झाला आणि त्याचं जवळचं नातं याच बेटावरच्या घोड्यांशी निघालं. म्हणजे दंतकथेतही थोडं तथ्य असेल!

हे घोडे बुटके आणि ढेरपोटे दिसतात. खाऊन माजलेत असं वाटतं, पण तसं नाही. दलदलीतलं खारट गवत खायचं, म्हणून नेहमीच्या घोड्याच्या दुप्पट पाणी प्यायचं. ते पोट पाण्याचं! व्हर्जिनियाकडचा कळप शिंकोटीग गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा आहे. 1925 पासून ते लोक जुलैच्या शेवटच्या बुधवारी घोड्यांना खाडीतून पोहत पलीकडे नेतात आणि काही शिंगरं विकतात. त्यातून दलाला पैसा मिळतो आणि कळपही फार वाढत नाही.

आता माझी फजिती. आम्ही गाडीपाशी डबा उघडला आणि एक तांबूस घोडी डुलत डुलत आली. माझ्या हातात गाजर होतं. म्हटलं, बिचारी भुकेली दिसते. हात पुढे केला, तोच भाचा ओरडला, "मामा, नको! ती मरेल!"

मी चमकलोच. तेवढ्यात पार्कातल्या रेंजरबाई आल्या. त्यांनी आम्हाला मागे सरायला सांगितलं. घोड्यापासून निदान 40 फूट, म्हणजे एका बसच्या लांबीइतकं दूर राहायचं, हा इथला नियम. घोडे चावतात, लाथा मारतात, हे एक कारण. पण मोठं कारण वेगळंच होतं. माणसाने एकदा खाऊ दिला की घोडा गवत सोडून गाड्यांची वाट पाहू लागतो. रस्त्यावर येऊन उभा राहतो. आणि गाडीखाली सापडतो. असे घोडे इथे खरोखर मेलेत.

मी गाजर मुकाट्याने डब्यात ठेवलं. घोडीने आमच्याकडे एकदा पाहिलं, फुर्रर्र केलं आणि दलदलीकडे निघून गेली. परत जाताना ते गाजर मामा-भाच्याने अर्धं अर्धं खाल्लं. "तू मोठा ना, तुला कसं माहीत नव्हतं?" भाच्याने विचारलं. यावर काय उत्तर देणार? पाटी मी वाचलीच नव्हती, त्याने वाचली होती.

मुलांनो, ॲसाटीग फार दूर आहे. पण आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावरही वाळूवर पसरलेली एक वेल दिसते. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या पानांची. तिचं नाव मर्यादवेल. ती वाळू धरून ठेवते. पुढच्या सुट्टीत समुद्रावर गेलात की तिला शोधा, पाहा, पण उपटू नका. आणि आईबाबांनी पाटी वाचली नाही, तर तुम्ही त्यांना वाचून दाखवा!