मुलाला केराटोकोनस आहे असं कळल्यावर

नववी-दहावीतल्या मुलाचा चष्म्याचा नंबर वर्षभरात दोनदा बदलतो. नवा चष्मा करूनही फळ्यावरची अक्षरं एकावर एक चढलेली दिसतात, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकतात. घरात सगळा राग मोबाइलवर निघतो. मग कुणी नेत्रतज्ज्ञ कॉर्नियाची टोपोग्राफी करायला सांगतात, लाल-पिवळ्या रंगांचा नकाशा समोर ठेवतात आणि 'केराटोकोनस' हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं. मोबाइलमुळे हा आजार होत नाही. तेव्हा मुलावर आधी ठेवलेला आळ त्याच दिवशी मागे घ्या.

डोळ्याच्या अगदी पुढे, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक घुमटाकार पडदा असतो. तो कॉर्निया. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कोलॅजनच्या तंतूंच्या विणीवर त्याचा आकार टिकून असतो. केराटोकोनसमध्ये ही वीण कमकुवत होते, पडदा पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. साधा सिलिंडर नंबर चष्म्याने भरून निघतो, पण हा वेडावाकडा उंचसखलपणा चष्म्याच्या काचेला पुरता झाकता येत नाही. म्हणून चष्मा बदलत राहूनही नजर स्वच्छ होत नाही.

आजार बहुधा वयात येताना सुरू होतो आणि तिशी-चाळिशीकडे थंडावतो. रुग्ण जितका लहान, तितका तो वेगाने वाढण्याची शक्यता जास्त. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत 'परीक्षा होऊ दे, मग बघू' हे धोरण मला धोक्याचं वाटतं. किती महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा हे डॉक्टरांना विचारा आणि ती तारीख चुकवू नका. प्रत्येक स्कॅनची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवा, कारण आजार वाढतोय की थांबलाय हे जुना नकाशा नव्याशेजारी ठेवल्यावरच कळतं.

उपचारांत दोन वेगळी कामं असतात आणि घरच्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. एक काम आजार थांबवण्याचं, दुसरं नीट दिसण्याचं.

थांबवण्यासाठी कॉर्नियल क्रॉसलिंकिंग करतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ही पद्धत विकसित झाली आणि रुग्णांवरचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. भुलीचे थेंब घालून कॉर्नियावरचा नाजूक पापुद्रा काढतात, रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब मुरू देतात आणि ठरावीक अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत हे किरण ३० मिनिटं देत. आता कमी वेळाच्या पद्धतीही वापरल्या जातात. तंतूंमध्ये नवे बंध तयार होऊन पडदा घट्ट होतो. पुढचे काही दिवस डोळा दुखतो, पाणी येतं, उजेड सोसत नाही. डोळ्यावर बसवलेली बँडेज लेन्स डॉक्टर साधारण आठवड्याच्या आत काढतात. नजर काही आठवडे धूसर राहू शकते. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऑपरेशन फसलं या भीतीने ते खचतं. दुखणं वाढलं, डोळा जास्त लाल झाला किंवा घाण येऊ लागली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा. क्रॉसलिंकिंगनंतर चष्मा सुटेल अशी आशा कुणी लावू नये.

नीट दिसण्यासाठी बहुतेकांना आरजीपी किंवा स्क्लेरल या कडक लेन्स लागतात. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधला द्रव उंचसखलपणा भरून काढतो आणि पुष्कळदा चष्म्याने न दिसलेल्या ओळी वाचता येतात. सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला रोज थोडे तास घालू द्या. लेन्सला नळाचं पाणी कधीही लावायचं नाही. त्यातून अमीबाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. कॉर्निया बदलण्याची वेळ फार थोड्यांवर येते, आणि लॅसिक या आजारात करत नाहीत.

घराच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोळे चोळणं थांबवणं. चोळण्याने कॉर्नियावर पुन्हा पुन्हा ताण येतो आणि आजार वाढायला मदत होते. पण नुसतं 'चोळू नकोस' म्हणून भागत नाही, कारण या मुलांपैकी अनेकांना ॲलर्जी असते आणि खाज खरीच असह्य असते. ॲलर्जीवर नियमित उपचार घ्या, खाज आली की थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. पालथं, डोळा उशीत दाबून झोपायची सवय असेल तर ती मोडा. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका. ते दीर्घकाळ घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

शाळेत वर्गशिक्षकांना एकदा भेटून पुढचा बाक मागून घ्या. मुलाला लाज वाटत असेल, तर काय आणि कुणाला सांगायचं हे त्यालाच ठरवू द्या. डॉक्टरांपुढे प्रश्नही त्यालाच विचारू द्या, कारण लेन्सची निगा पुढे त्यालाच घ्यायची आहे. सैन्यदलाचं स्वप्न असेल, तर तिथल्या वैद्यकीय निकषांबद्दल लवकर आणि मोकळेपणाने बोला.

हा आजार काही घरांत एकापेक्षा जास्त जणांना होतो. म्हणून धाकट्या-थोरल्या भावंडांची टोपोग्राफीही करून घ्या, त्यांना आज स्वच्छ दिसत असलं तरी.